खेळाडूचे पाय कोणाच्या मालकीचे?



पाणी, कापूस आणि ऊस हे विषय सोडून आमच्यासारखा संघटनेचा माणूस फुटबॉलवर काय बोलणार, अशी शंका विषय जाहीर झाल्यापासून पुष्कळांनी बोलून दाखविली. शंका रास्त आहे. आमच्या बीड जिल्ह्यात पोरांना आधी कुस्ती कळते, मग कबड्डी. फुटबॉल बहुतेकांनी पडद्यावरच पाहिलेला. तरीही हा विषय घेतला, त्याला एक प्रसंग कारण झाला.

२०२४ सालची दिवाळी नुकतीच सरली होती. केजच्या रस्त्यावर एका हॉटेलात आम्ही चहाला थांबलो होतो. बाहेर ट्रॅक्टर उभा होता. मागच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, ज्वारीची पोती, दोन शेळ्या आणि लेकरेबाळे. टोळी ऊसतोडीला निघाली होती. आत कॉलेजातील पाचसहा मुले तावातावाने वाद घालीत होती. ‘गद्दार’, ‘पैशासाठी गेला’, ‘ज्यांनी मोठे केले त्यांनाच लाथ मारली’ असे शब्द कानी पडले. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. तेव्हा एखाद्या पक्ष बदललेल्या पुढाऱ्याची हजेरी चालली असावी असे आम्हांस वाटले. चौकशी करता कळले की वाद किलियन एम्बापे या फ्रेंच खेळाडूविषयी आहे. पुढच्या फळीत खेळून गोल करणारा हा नामांकित गडी त्याच वर्षी पॅरिसचा क्लब सोडून माद्रिदच्या रिआल माद्रिद क्लबात गेला होता. एक मुलगा म्हणे, “क्लबाने सात वर्षे सांभाळले आणि हा क्लबाला एक छदाम न मिळू देता गेला.” दुसरा म्हणे, “करार संपला, गेला. त्यात चुकले काय?”

एवढ्यात दारातला एक मुकादम मोबाइलवर ओरडू लागला, “तो कोयता माझा आहे. माझी उचल फिटल्याशिवाय तो दुसऱ्याच्या गाडीत बसलाच कसा?”

मुलांनी त्याच्याकडे पाहिले नाही आणि मुकादमाने मुलांकडे पाहिले नाही. पण एका छपराखाली दोन ठिकाणी एकच प्रश्न चालला होता. करार संपलेला माणूस कोणाचा? त्या प्रश्नाचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवायचा आहे.

पैसे घेऊन फुटबॉल खेळण्यास इंग्लंडच्या संघटनेने १८८५ साली मान्यता दिली. १८८८ मध्ये बारा क्लबांची लीग उभी राहिली. पैसा आला तशी मालकी आली. १८९३ पासून असा नियम झाला की खेळाडूचे नाव ज्या क्लबाच्या वहीत आहे, त्या क्लबाच्या संमतीवाचून त्याने लीगमधील दुसऱ्या क्लबाकडून खेळावयाचे नाही. करार संपला तरी नाव वहीत राही. क्लबाने नाव ठेवून घेतले आणि खेळाडूला नव्या अटी मान्य नसल्या, तर त्याला ना इथला पगार, ना दुसरीकडे जाण्याची मुभा. पुढे १९०१ मध्ये पगारावरही मर्यादा आली : आठवड्याला चार पौंड, खेळाडू कितीही मोठा असो.

मात्र खेळाडूची किंमत म्हणून एक क्लब दुसऱ्या क्लबाला जी रक्कम देई, तिला अशी मर्यादा टिकली नाही. १९०५ च्या फेब्रुवारीत आल्फ कॉमन नावाचा गोल करणारा खेळाडू संडरलंडहून मिडल्सब्रोला गेला, तो एक हजार पौंडांना. बैलबाजारातल्यासारखा माणसाचा सौदा होतो म्हणून मोठा गदारोळ झाला. गंमत अशी की चर्चा झाली ती हजार पौंडांची. ज्याच्या पायांना हजार पौंड आले त्याला आठवड्याला चारच पौंड द्यावेत असा नियम होता, हे फार थोड्यांना खटकले.

ते खटकले खेळाडूंना. १९०७ च्या डिसेंबरात मँचेस्टर शहरात त्यांनी आपली युनियन काढली. पुढाकार घेणाऱ्यांत बिली मेरेडिथ हा वेल्समधला खेळाडू होता, लहानपणी कोळशाच्या खाणीत राबलेला. संघटना म्हणजे काय हे खाणीतल्या माणसाला निराळे शिकवावे लागत नाही. १९०९ मध्ये वरिष्ठांनी फर्मान काढले : युनियन सोडा, नाहीतर खेळणे सोडा. बहुतेक क्लबांचे खेळाडू वाकले. मँचेस्टर युनायटेडचे वाकले नाहीत. शेवटी तडजोड झाली आणि युनियन जगली. पगाराची मर्यादा व वहीची मालकी मात्र आणखी अर्धे शतक टिकली.

आता एका जगप्रसिद्ध वादाकडे वळू. स्पेनमध्ये माद्रिद आणि बार्सेलोना या शहरांचे पाठीराखे आल्फ्रेदो दि स्तेफानो या नावावरून अजून हमरीतुमरीवर येतात. हा अर्जेंटिनाचा खेळाडू १९५३ साली स्पेनमध्ये आला. बार्सेलोनाने त्याचा सौदा त्याच्या मूळ क्लबाशी, ब्युनोस आयर्सच्या रिव्हर प्लेटशी केला. रिआल माद्रिदने तो बोगोटाच्या मिल्योनारिओस क्लबाशी केला. एकाच माणसाचे दोन मालक आणि दोन गिऱ्हाइके! स्पेनच्या फुटबॉल महासंघाने निवाडा दिला की त्याने चार हंगाम आळीपाळीने दोन्ही क्लबांकडून खेळावे. बार्सेलोनाने या वाटणीतून अंग काढून घेतले, दि स्तेफानो माद्रिदचा झाला, आणि १९५६ ते १९६० असे ओळीने पाच वर्षे त्या क्लबाने युरोपचा चषक जिंकला. सरकारने आमचा गडी हिसकावला असे बार्सेलोनाचे लोक म्हणतात. तुम्हीच व्यवहार घालविला असे माद्रिदचे लोक म्हणतात. हा वाद सत्तर वर्षे चालला आहे.

परंतु मुळात हा गडी अर्जेंटिनाहून कोलंबियात गेला कसा? श्रोतेहो, तिथे एक संप होता. १९४८ साली अर्जेंटिनाच्या खेळाडूंनी संप पुकारला. युनियनला मान्यता, किमान वेतन आणि क्लब बदलण्याचे स्वातंत्र्य, अशा त्यांच्या मागण्या होत्या. क्लबांनी पोरेसोरे मैदानात उतरवून हंगाम उरकला. संप लांबला, मनासारखा निकाल लागला नाही, आणि वैतागलेले कितीतरी नामवंत खेळाडू कोलंबियात निघून गेले. तिथली लीग आंतरराष्ट्रीय संघटनेच्या चौकटीबाहेर असल्यामुळे जुन्या क्लबाला किंमत मोजावी लागत नसे. तो पैसा खेळाडूच्या पगारात पडे. त्या लाटेत १९४९ साली दि स्तेफानो गेला. पाठीराखे सत्तर वर्षे बोलतात ते सौद्याविषयी. त्यामागचा संप कोणाच्या तोंडी येत नाही. आम्हांस तो आठवतो, कारण फसलेला संप माणसांना कसा देशोधडीला लावतो हे आम्ही जवळून पाहिले आहे.

इंग्लंडमधील गाठ सुटली ती संघटना आणि न्यायालय या दोन हातांनी. १९६१ च्या जानेवारीत संपाची तयारी पुरी झाली तेव्हा पगाराची मर्यादा उठली. ती त्या वेळी वीस पौंड होती. त्याच सुमारास जॉर्ज ईस्टहॅम या आघाडीच्या खेळाडूला न्यूकॅसल क्लब सोडावयाचा होता. क्लब सोडीना. हा पठ्ठ्या खेळणे बंद करून बूच विकण्याच्या धंद्यात नोकरीला लागला. अखेर क्लबाने त्याला आर्सेनलला दिले. आपले काम झाले म्हणून तो गप्प बसला असता. पण युनियनच्या पाठबळावर त्याने खटला पुढे चालविला. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निर्णय दिला की करार संपल्यावर माणसाला असे अडकवून ठेवणे म्हणजे त्याच्या उदरनिर्वाहावर बेकायदा निर्बंध आहे.

तरी किंमत मागण्याचा हक्क क्लबांकडे उरलाच होता. तो मोडला बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मान या साध्या खेळाडूने. १९९० मध्ये त्याचा लिएजच्या क्लबाशी असलेला करार संपला. क्लबाने पगार चौथाईवर आणला आणि फ्रान्समधील क्लबात जायचे तर तेही जमू दिले नाही. पाच वर्षे तो भांडला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपच्या न्यायालयाने सांगितले की करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपीय संघातील क्लबांनी किंमत मागता कामा नये. एम्बापे पॅरिसहून ‘फुकट’ गेला, तो या निकालाच्या जोरावर. बोस्मानच्या स्वतःच्या हाती त्यातले फारसे लागले नाही. खेळण्याची वर्षे कोर्टात गेली आणि पुढे हलाखी आली. लढणारा एक आणि फळ खाणारे दुसरे, हे आमच्या चळवळीत नवे नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. आम्ही पहिला फुटबॉल सामना पाहिला तो कोल्हापुरात. बारातेरा वर्षांचे होतो. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलो होतो. एका रविवारी उसाच्या फडावरून पळून शाहू स्टेडियम गाठले. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, तिथल्या तालमींचे संघ. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे तिथे देवाच्या नावासारखी घेतली जातात. त्या शहरात दर हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी होते आणि पेठेपेठेत एकच बोलणे : यंदा कोण कुठल्या तालमीकडे गेला? गल्लीत वाढलेला, आईबहिणींच्या हातचे खाल्लेला पोरगा समोरच्या तालमीचा सदरा घालून आला की माणसे हळहळतात. ही हळहळ आम्ही खोटी मानीत नाही. वर्गणी काढून, उन्हात बसून, घसा बसेपर्यंत ओरडून ज्यांनी संघ उभा केला, त्यांचा त्यात काहीच हक्क नाही असे कोण म्हणेल? पण तो हक्क प्रेमाचा आहे. प्रेमाच्या हक्काने माणसाला हाक मारता येते. त्याला दावणीला बांधता येत नाही.

कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यामध्ये हे प्रेम टोकाला गेले. नोंदणीच्या दिवसांत क्लबाची माणसे खेळाडूला लपवून ठेवीत, सही होईपर्यंत घरी जाऊ देत नसत. तिथेच सिक्कीमचा बायचुंग भुतिया खेळला. १९९७ च्या फेडरेशन चषकात, सुमारे १ लाख ३१ हजार प्रेक्षकांपुढे, ईस्ट बंगालसाठी त्याने मोहन बागानवर तीन गोल केले. पुढे तोच मोहन बागानकडे गेला, परत आला, पुन्हा गेला, आणि २००९ मध्ये कराराच्या भांडणातून पुन्हा ईस्ट बंगालकडे आला. दोन्ही बाजूंनी त्याला डोक्यावर घेतले आणि दोन्ही बाजूंनी शिव्या दिल्या. पण २००६ मध्ये भारतीय फुटबॉल खेळाडूंची संघटना स्थापन झाली तिचा पहिला अध्यक्ष हाच भुतिया होता, हे त्या शिव्या देणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल?

आणि क्लब तरी खेळाडूशी किती निष्ठेने वागतात? मुंबईचा महिंद्र युनायटेड २००६ साली राष्ट्रीय विजेता होता. २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. खेळाडू गेला तर तो गद्दार. संघ मिटला तर तो व्यवहार. गिरणगावातल्या माणसांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

आता पुन्हा केजच्या रस्त्यावर. आपल्याकडे नवराबायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम उचल देतो. पट्टा पडेपर्यंत तोड करून उचल फिटली नाही, तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. १८९३ ची ती वही आठवा. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा आपल्या देशात १९७६ सालीच झाला. कोयत्याचे नाव मुकादमाच्या वहीतून अजून सुटलेले नाही. करोडोंत लोळणारा खेळाडू आणि पाचटात झोपणारी बाई यांची बरोबरी आम्ही करीत नाही. बरोबरी आहे ती फक्त वहीची.

आमचीही एक चूक इथे सांगितली पाहिजे. पंधराएक वर्षांपूर्वी तोडणीच्या दरासाठी आम्ही कोयता बंद पुकारला होता. धारूरकडील एक जोडपे बंद मोडून दुसऱ्या टोळीबरोबर गेले. आम्ही भर सभेत त्यांचे नाव वाचले आणि फितूर म्हणालो. टाळ्या पडल्या. पट्टा पडल्यावर ती बाई आमच्या घरी आली. दारातच उभी राहून म्हणाली, “भाऊ, आम्ही गेलो नव्हतो. आम्हाला देऊन टाकलं व्हतं.” पहिल्या मुकादमाने अंगावरची बाकी दुसऱ्याकडून वसूल करून कोयता त्याच्या हवाली केला होता. जोडप्याला कोणी विचारले नव्हते. आम्हीही विचारले नव्हते. ज्याचा सौदा झाला त्यालाच आम्ही विकलेला म्हणालो. पुढच्या सभेत ते शब्द मागे घेतले. पण त्या सभेला पहिल्या सभेइतकी गर्दी नव्हती.

तेव्हापासून कोणी कुठे गेला हे कळले की आम्ही तीन गोष्टी विचारतो. मुदत संपली होती का? जाताना त्याला विचारले होते का? त्याचे घामाचे पैसे मिळाले का? एम्बापेच्या बाबतीत मुदत संपली होती, आणि जायचे त्यानेच ठरविले होते. पैशाचे म्हणाल, तर शेवटच्या महिन्यांचा पगार व बोनस क्लबाने थकविल्याची त्याची तक्रार होती. २०२४ मध्ये फ्रेंच लीगच्या समितीने साडेपाच कोटी युरो द्या म्हणून सांगितले. क्लबाने ऐकले नाही. वाद पॅरिसच्या कामगार न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने क्लबाला सुमारे सहा कोटी युरो देण्याचा हुकूम केला. एवढा मोठा खेळाडू, पण थकलेल्या पगारासाठी त्यालाही कामगार न्यायालयाचीच पायरी चढावी लागली.

हॉटेलातल्या मुलांना त्या दिवशी आम्ही हे सारे सांगू शकलो नाही, त्यांची एस.टी. आली. फक्त त्यांतल्या एकाने उठताना बाहेरच्या ट्रॉलीकडे पाहून हात केला. त्याचे आईबाप त्या टोळीत होते. आज तो या सभेत असेल तर आमची विनंती एवढीच, की एम्बापेविषयी जेवढ्या हिरिरीने तो भांडला तेवढ्याच हिरिरीने त्याने घरी एक वही मागून पाहावी. आईबापांचे नाव त्या वहीत किती रकमेला आहे आणि त्यांना त्यातून कधी मोकळे होता येईल, हे त्याने वाचावे. तो शिकलेला आहे, वाचता येते.