लो-ऑक्झलेट डाएट म्हणजे काय? मुतखडा झाला तर दूध बंद करावं का?

मुतखड्याचं निदान झालं की घरात आधी टोमॅटोवर बंदी येते, मग दुधावर. ‘खडा कॅल्शियमचा, म्हणून कॅल्शियम बंद’ हे गणित सोपं वाटतं, पण ते चुकीचं आहे.

ऑक्झलेट म्हणजे काय?
हा वनस्पतींमध्ये नैसर्गिकरीत्या असणारा घटक. अळू नीट शिजलं नाही तर घसा खवखवतो, तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. अन्नातलं काही ऑक्झलेट रक्तात शोषलं जातं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. लघवीत ते कॅल्शियमला चिकटलं की खडा तयार होऊ शकतो. बहुतांश मुतखडे याच प्रकारचे असतात.

मग दूध का सोडू नये?
जेवणात कॅल्शियम असेल, तर ते ऑक्झलेटला आतड्यातच धरतं आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. २००२ साली इटलीतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांची पाच वर्षं पाहणी केली होती. कमी कॅल्शियम घेणाऱ्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीइतकं कॅल्शियम, पण मीठ आणि मांसाहार कमी असलेल्या गटात हा आकडा १२ होता.

ताटात काय बदलायचं?
• कमी करा: पालक, अळू, राजगिरा, बीट, बदाम, शेंगदाणे.
• चालेल: कोबी, फ्लॉवर, दुधी, काकडी. टोमॅटोतही ऑक्झलेट कमीच असतं.
• पालक खायचाच असेल तर उकडून पाणी फेकून द्या. कच्च्या पालकाची स्मूदी टाळा.
• उपवासाला राजगिरा, शेंगदाणे, रताळं एकत्र येतात. सोबत वाटीभर दही घ्या.
• दिवसभरात सुमारे अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या. किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारा.
• व्हिटॅमिन सीच्या जास्त डोसच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. शरीरात त्याचंही ऑक्झलेट बनतं.

हे डाएट सगळ्यांसाठी आहे का?
नाही. युरिक ॲसिडच्या खड्यावर ते उपाय नाही. सांधेदुखी, थकवा किंवा ऑटिझम यानं बरा होतो, या रील्समधल्या दाव्यांना ठोस पुरावा नाही. त्यामुळे भाज्यांवर काट मारण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: माझा खडा कसला आहे आणि २४ तासांच्या लघवीची तपासणी करायची का?