देहाचें पुनरुत्थान : श्रद्धेचा एक शब्द व त्याचा इतिहास

जपमाळ हातीं घेतली कीं आरंभींच आपण प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणतों. त्याच्या अखेरीस देहाच्या पुनरुत्थानाचा उल्लेख येतो आणि आपली जीभ तो सराईतपणें ओलांडून पुढें जाते. वस्तुतः साऱ्या विश्वासांगीकारांत आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना दुर्बोध वाटावें असें याहून दुसरें फार थोडें आहे. ईश्वर सृष्टीचा कर्ता आहे, आत्मा मरत नाहीं, हें वणीच्या बाजारांतील कोणाहि भाविक माणसाला सांगावें. तो मान डोलावील. पण मेलेला देह उठणार असें म्हणतांच तो थबकेल. हें थबकणें नवें नाहीं. अथेन्स नगरांत संत पौल बोलत होता तेव्हां तेथील पंडितांनीं बराच वेळ ऐकून घेतलें. मेलेल्यांच्या उठण्याची गोष्ट निघाली मात्र, आणि कित्येक हसूं लागले.

मराठींत या विषयासंबंधीं तीन शब्द एकमेकांत मिसळले जातात. पुनर्जन्म म्हणजे जीवानें एक देह सोडून दुसरा घेणें. गीतेंतील जीर्ण वस्त्राचा दृष्टांत महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. त्या दृष्टीनें देह हें केवळ वस्त्र. पुनरुज्जीवन म्हणजे मेलेल्यानें पूर्वींच्याच जीवनांत परत येणें. बेथानीचा लाझरस, नाईन गांवच्या विधवेचा मुलगा, याईराची कन्या हीं परत आलीं खरीं, पण पुढें केव्हां तरी त्यांना पुन्हां मरावेंच लागलें. पुनरुत्थान या दोहोंहून निराळें. ख्रिस्त उठला तो मर्त्य जीवनांत परतला नाहीं, आणि दुसऱ्या देहांतहि शिरला नाहीं. कबर रिकामी होती. खिळ्यांचे व्रण त्याच देहावर होते. मृत्यूची सत्ता मात्र त्या देहावर उरली नव्हती. मूळ ग्रीक शब्द ‘आनास्तासिस’ याचा अर्थ उठून उभें राहणें असा आहे. संस्कृत ‘उत्थान’ याच अर्थाचें. ज्यांनीं हा शब्द मराठींत रूढ केला त्यांचें काम चोख म्हटलें पाहिजे.

आपल्या भाषेंत ख्रिस्तकथा विस्तारानें सांगणारा थोर जुना ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’. हे येशूसंघीय धर्मगुरु जन्मानें इंग्रज. ते १५७९ सालीं गोव्यास आले आणि १६१९ सालीं निवर्तले. मधल्या चाळीस वर्षांपैकीं बराच काळ त्यांनीं साष्टी प्रांतांत काढला. जुनीं पुराणें बंद झालीं, तर त्यांच्या जागीं दुसरें कांहीं द्यावें, अशी तेथील नवख्रिस्ती लोकांची मागणी होती. ती त्यांनीं ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीनेंच पुरविली. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापला गेला. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यास हा परदेशी साधु कचरला नाहीं. परंतु दुसऱ्या पुराणांत प्रभूचें मरण व त्याचें तिसऱ्या दिवशींचें उठणें येतें, तेथें देहाला वस्त्र मानणाऱ्या श्रोत्यांपुढें त्यानें तोच देह उभा केला. शब्द घरचा घेतला, अर्थ मात्र सोडला नाहीं. त्याची खरी थोरवी मला येथें दिसते.

पुढें या ग्रंथाच्या १६४९ व १६५४ सालीं आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषांविरुद्ध हुकूम काढला. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज आढळत नाहीं. लोकांनीं हातानें उतरून ठेवलेल्या पोथ्यांवरून १९०७ सालीं मंगळूर येथें ग्रंथ पुन्हां छापला गेला, आणि देवनागरी आवृत्ति १९५६ सालीं पुण्यास निघाली. या घटनेला कोणी ग्रंथाचें ‘पुनरुत्थान’ म्हणतील. म्हणूं नये. ग्रंथाचें पुनरुज्जीवन होतें. पुनरुत्थान हा शब्द राखून ठेवलेला बरा.

आमच्या भागांत धर्मप्रांतांची घडण पुष्कळ उशिरा झाली. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ सालचा, अमरावतीचा १९५५ सालचा. १९०५ पर्यंत ज्या वणीच्या नांवानें सारा जिल्हा ओळखला जाई, त्या वणीस पुनरुत्थानाचा सण येतो तो ऐन उन्हाळ्याच्या तोंडीं. युरोपांतील चित्रांत ईस्टर म्हणजे कोंवळें गवत, फुलें आणि कोंकरें. येथें त्या वेळीं कपाशीच्या पऱ्हाट्या निघून गेलेल्या असतात, काळी जमीन भेगाळलेली असते आणि सरकी पेरावयास अद्याप मृगाची वाट पहावयाची असते. संत पौलानें करिंथकरांस दिलेला बीजाचा दृष्टांत मला येथेंच अधिक पटतो. पेरलेलें बीं डोळ्यांआड होतें. उगवतें तें त्याच बियांतून, पण बियांसारखें दिसत नाहीं. आमच्याकडे हा सण हिरव्या रानाच्या आधारावर साजरा होत नाहीं, केवळ दिलेल्या वचनावर होतो.

आतां व्यवहाराची बाब. घरांतील वडील माणूस गेलें म्हणजे शेजारी विचारतात, तुम्ही पुरतां कां? पहिल्या ख्रिस्ती लोकांनीं आपल्या दफनभूमीस ग्रीक भाषेंत ‘निजण्याची जागा’ असें नांव दिलें, त्यांतच याचें उत्तर आहे. निजलेला उठावयाचा असतो. विरोधकांनाहि हें पक्कें ठाऊक होतें. इ. स. १७७ मध्यें हल्लींच्या फ्रान्समधील लियों नगरांत ख्रिस्ती हुतात्म्यांचीं शरीरें जाळून राख र्‍होन नदींत टाकण्यांत आली. या लोकांना उठण्याची आशाच उरूं नये, हा त्यांतील हेतु, असें इतिहासकार युसेबियस यानें नमूद केलें आहे. नदींत राख गेली म्हणून ईश्वराचा हात तोकडा पडला, असें तेथील ख्रिस्तसभेला क्षणभरहि वाटलें नाहीं.

हा इतिहास ध्यानीं धरला म्हणजे पुढील निर्णय परस्परविरोधी वाटत नाहींत. १८८६ सालीं रोमहून दहनास मनाई झाली, कारण त्या काळीं युरोपांत पुष्कळ जण श्रद्धेस आव्हान देण्यासाठींच दहनाचा पुरस्कार करीत. १९६३ सालीं ती मनाई सैल झाली. श्रद्धा नाकारण्याचा हेतु नसेल तर दहन चालेल असें ठरलें. २०१६ सालीं सांगण्यांत आलें कीं दफनच अधिक इष्ट, आणि दहन केल्यास रक्षा पवित्र स्थळीं ठेवावी, वाऱ्यावर वा पाण्यांत सोडूं नये. जिच्यावर नांव लिहितां येईल, जिच्यापाशीं उभें राहून प्रार्थना करतां येईल, अशी जागा मृताला असावी, हा त्यांतला भाव.

मेलेल्या देहाला एवढा मान, तर जिवंत देहाला किती असावा? खाणींतून काळा होऊन परतलेला मजूर, वेंचणीनें बोटें सोललेली बाई, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, यांचे देह टाकाऊ वस्त्रें नव्हेत. रुग्णाच्या कपाळाला व हातांना धर्मगुरु तेल लावतात तें याच देहाला. आणि उठलेल्या प्रभूनें तिबेरियाच्या किनाऱ्यावर प्रथम काय केलें? रात्रभर जाळीं टाकून दमलेल्या शिष्यांसाठीं निखाऱ्यांवर मासळी भाजून ठेवली व त्यांना न्याहारीस बोलाविलें.

आमच्या वाडवडिलांच्या वेळीं पुनरुत्थानाच्या जागरणाचा विधि शनिवारीं सकाळींच, लख्ख उजेडांत, लॅटिन भाषेंत उरकला जाई. १९५१ सालीं पोप बारावे पायस यांनीं तो रात्रीं करण्याची मोकळीक दिली. १९५६ पासून तो सर्वत्र रात्रींच होऊं लागला, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठींतहि. त्या रात्रीं नव्या अग्नीवर मोठी मेणबत्ती पेटवितात व तिच्यावर चालू सालाचे चार आंकडे कोरतात. वर्षभर बाप्तिस्म्याच्या वेळीं बालकाची वात त्याच ज्योतीवरून लावली जाते, आणि कोणी मृत्यु पावलें तर तीच मेणबत्ती त्याच्या शवपेटीजवळ पेटलेली असते.