चिलमची

पिंपरीत एका भंगारवाल्याकडे पितळी चिलमची दिसली. किलोच्या भावाने चाललेली. आमच्या दादीकडे अशीच होती. पाहुणे दस्तरखानावर बसले की घरातलं धाकटं पोर आफताब्यातून त्यांच्या हातांवर पाणी ओतायचं, खाली चिलमची धरायची. वर भोकांची झाकणी, म्हणजे खरकटं पाणी कुणाला दिसू नये. साचलेल्या पाण्यात हात बुडवायचे नाहीत, धारेखाली धुवायचे, म्हणून भांडी दोन. आजचा नळ आणि बेसिन हीच जोडी, भिंतीत बसवलेली. ओतणारं पोर तेवढं गेलं.

ही तर मुसलमानी रीत, असं कुणी म्हणालं की उर्दू-मराठी दोन्ही शिकवणारा मी शब्द पुढे करतो. मराठीतलं तस्त फारसी तश्तवरून आलं, हौद अरबी हौजवरून. आणि न्हाणीतला बंब चक्क पोर्तुगीज! मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मातीच्या नळांतून पाणी आणलं. ते प्यायला कुणाचा धर्म विचारला असेल?

चिलमची साडेतीन किलो भरली. झाकणी हरवलेली होती. घेतली तरी. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलाला दुसऱ्याच्या हातावर पाणी ओतायला सांगितलं. दोघंही लाजले.