तेरवं: तेराव्या दिवसानंतरचं नाटक

आम्ही बोरीच्या गटातल्या बाया आज एका नाटकाची गोष्ट सांगणार आहोत. पण सुरुवात थोडी मागून करावी लागेल.

१८५५ साली जोतिराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. त्यात एक गरीब, पोटुशी कुणबीण आहे. दारात जोशी येतो, ग्रहांची भीती घालतो, आणि नवरा-बायको कर्ज काढून ब्राह्मणांना जेवण घालतात. शेवटी दोघं फुल्यांच्या शाळेत जायचं ठरवतात. दक्षिणा प्राइझ कमिटीनं हे नाटक नाकारलं. कर्जात अडकलेली कास्तकाराची बायको तेव्हापासून कागदावर होतीच. बोलायला तिला कुणी उभं केलं नाही.

ती उभी राहिली विदर्भात. श्याम पेठकरांनी लिहिलेलं आणि हरीश इथापेंनी बसवलेलं 'तेरवं'. वऱ्हाडात तेराव्या दिवसाला तेरवं म्हणतात. आपल्याकडं तेरवी. पाहुणे जेवून गेले, मांडव सुटला, की मागं उरते ती बाई आणि दारातले देणेकरी. नाटक तिथूनच पुढचं सांगतं. आणि ते करणाऱ्या बाया कोण? ज्यांच्या घरच्या शेतकऱ्यानं जीव दिला, त्यांच्याच घरच्या. कुणाची नक्कल करायची गरजच नव्हती. आमच्यातल्या एकीला हे ऐकून आधी वाईट वाटलं, आपलं दुःख चारचौघांत मांडायचं? दुसरी म्हणाली, घरात कोंडून तरी काय मिळालं?

त्या बायांपुढचा हिशोब समजून घ्या. जानेवारी २००६ च्या सरकारी निर्णयानं अशा घराला एक लाखाची मदत ठरली. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. पण आधी प्रकरण 'पात्र' व्हावं लागतं. घरच्या कुणाच्या नावावर जमीन पाहिजे, कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं पाहिजे. हातउसने घेतलेले पैसे त्यात धरत नाहीत. त्याच वर्षी जुलैत पंतप्रधानांनी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, ते विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी. आपला परभणी जिल्हा त्यात नव्हता. कापूस इथंही तोच, देणंही तेच.

'तेरवं'मधली एक बाई वैशाली येडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरची. अंगणवाडीत मदतनीस, जोडीला शिवणकाम. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्‌घाटनाचं निमंत्रण आयोजकांनी मागं घेतलं, मोठा गदारोळ झाला, आणि शेवटी उद्‌घाटन वैशालीताईंच्या हातून झालं. मोठ्यांच्या भांडणात ही जागा रिकामी झाली होती, हे त्यांनाही कळत होतंच. अडीनडीला आपल्या गल्लीतलीच बाई धावून येते, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता. आम्हाला तो पटला. कुणाच्या घरी असं झालं की पहिले चार दिवस भाकरी शेजारणीच टाकतात. गटातून पाचशे-हजार उचलून द्यायचे, पोरांना शाळेत धाडायचं, तिला एकटीला तहसीलला जाऊ द्यायचं नाही, हे कुठल्या योजनेत लिहिलेलं नसतं.

पण शेजारीण सातबाऱ्यावर नाव लावू शकत नाही. नवरा गेल्यावर जमीन सासऱ्याच्या नाहीतर दिराच्या नावावर राहते, आणि बाई त्याच वावरात मजुरासारखी राबते. महिला किसान अधिकार मंचानं, म्हणजे 'मकाम'नं, याचा पाठपुरावा केला. १८ जून २०१९ ला राज्य सरकारनं निर्णय काढला: अशा घरातल्या बाईला जमिनीवरचा वारसाहक्क, स्वतंत्र रेशनकार्ड, पेन्शन मिळवून द्यायला अधिकाऱ्यांनी मदत करायची.

आम्ही बैठकीत विचारलं, सातबाऱ्यावर नाव कुणाकुणाचं आहे? बऱ्याच जणींनी सातबारा कधी हातातच घेतला नव्हता. म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या घरचा उतारा काढून आणायचा आहे. वाचता येत नसेल तरी आणा, मिळून वाचू.