चांद्याचा परकोट

चंद्रपूरच्या परकोटाची आख्यायिका प्रसिद्ध आहे. सशानें कुत्र्यास पिटाळलें, आणि ज्या वाटेनें तीं धांवलीं त्याच वाटेवर खांडक्या बल्लाळशाहानें तट घालविला. कथा गोड खरी. पण पाथरवटांच्या कित्येक पिढ्यांचें श्रेय एका सशास द्यावयाचें, हें आम्हांस रुचत नाहीं. हें काम अनेक गोंड राजांच्या अमदानींत चाललें व धुंड्या रामशाहाच्या काळीं तडीस गेलें.

जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा या चार वेशी, पांच खिडक्या आणि वेशींवर हत्तीस दाबून धरणारा सिंह! १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजी तोफांनीं एके ठिकाणीं भगदाड पाडलें, आणि शहर पडलें. किल्लेदार गंगासिंग धारातीर्थीं पडला. मैलोगणती तट राखावयास शिबंदी पुरणार कोठून? परंतु हा तट नुसत्या लढाईसाठीं नव्हताच. त्याच्या पोटांत पूर्वीं शेतें व विलग वस्त्या नांदत. वाढत्या शहराचें तें कुंपण होतें, असें आमचें मत आहे. १९६४ सालीं चांद्याचें चंद्रपूर झालें, तोंवर वस्ती वेशींबाहेर पसरली होती, आणि बुरुजांवर झाडें माजलीं. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनीं तीं झाडें स्वहस्तें तोडून बुरुज मोकळे केले.