त्रैराशिक

त्रैराशिक ही तीन ज्ञात राशींवरून चौथी अज्ञात राशी काढण्याची अंकगणितातील रीत होय. बाजारहाट, मजुरी, व्याज अशा नित्याच्या व्यवहारांतील पुष्कळशी शाब्दिक उदाहरणे या रीतीने सुटतात. शालेय पाठ्यपुस्तकांत हाच विषय ‘एकमान पद्धत’ आणि पुढे ‘समचलन’ व ‘व्यस्तचलन’ या नावांनी येतो.

इतिहास

इ.स. ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीय’ या ग्रंथात त्रैराशिकाचा नियम आढळतो. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये त्याचा विस्तार केला. या हिंदी रीतीवर अल-बिरूनीने स्वतंत्र ग्रंथ लिहिला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) तर सर्व गणित त्रैराशिकाने व्यापले असल्याचे म्हटले आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे आहे.

रीत

दिलेल्या राशींना प्रमाण, फल आणि इच्छा अशी नावे आहेत. प्रमाण व इच्छा एकाच जातीच्या असतात. फल वेगळ्या जातीचे असते. ‘७ वह्यांची किंमत १६८ रुपये, तर १२ वह्यांची किती?’ या उदाहरणात ७ वह्या हे प्रमाण, १६८ रुपये हे फल आणि १२ वह्या ही इच्छा होय. उत्तर रुपयांत हवे, हे प्रथम ठरवावे. एका वहीची किंमत १६८ ÷ ७ = २४ रुपये, म्हणून १२ वह्यांची २४ × १२ = २८८ रुपये. ताळा पाहण्यासाठी २८८ ला १२ ने भागल्यास पुन्हा २४ येतात.

प्राचीन नियमात मात्र फल व इच्छा यांचा गुणाकार आधी आणि प्रमाणाने भागाकार नंतर येतो. हा क्रम सोयीचा आहे. ३ पेन्सिली १० रुपयांना असतील, तर एका पेन्सिलीची किंमत ३.३३ रुपये धरून १२ पेन्सिलींचे ३९.९६ रुपये होतात. आधी गुणाकार केल्यास १० × १२ ÷ ३ = ४० हे बिनचूक उत्तर मिळते. चार पैशांची ही तूट गुणाकार चुकल्याने आलेली नसते, म्हणून पुन्हा आकडेमोड करूनही ती सापडत नाही.

व्यस्त त्रैराशिक

एक राशी वाढली असता दुसरी त्याच पटीत घटत असेल, तर व्यस्त त्रैराशिक वापरतात. १५ मजूर एक काम ८ दिवसांत करतात. तेच काम १२ मजूर किती दिवसांत करतील? एकूण काम १५ × ८ = १२० मजूर-दिवसांचे, म्हणून उत्तर १२० ÷ १२ = १० दिवस. येथे नेहमीची रीत लावल्यास १२ × ८ ÷ १५ = ६.४ दिवस येतात, म्हणजे मजूर कमी होऊनही काम लवकर संपते! आकडेमोड निर्दोष असूनही उत्तर चुकते ते असे. त्यामुळे लेखणी चालवण्यापूर्वीच उत्तर दिलेल्या फलापेक्षा मोठे येईल की लहान, हे मनाशी ठरवणे ही या रीतीतील सर्वांत महत्त्वाची, आणि परीक्षेच्या घाईत हमखास गाळली जाणारी, पायरी होय.

मर्यादा

तीन संख्या दिल्या म्हणजे त्रैराशिक लागू होतेच असे नाही. दोरीवरचा एक सदरा उन्हात दोन तासांत वाळत असेल, तर शेजारी टांगलेले पाच सदरेही दोन तासांतच वाळतील. विजेच्या बिलात वापराच्या टप्प्यानुसार दर बदलतो, त्यामुळे दुप्पट युनिटांचे बिल दुप्पटच येईल असे धरता येत नाही.

पंचराशिक

पाच राशी ज्ञात असल्यास पंचराशिक वापरतात. ‘लीलावती’तील उदाहरणात १०० चे एका महिन्याचे व्याज ५ असता १६ चे वर्षाचे व्याज विचारले आहे. मुद्दल व मुदत अशी दोन त्रैराशिके एकत्र करून ५ × १६ × १२ ÷ १०० = ९.६ हे उत्तर मिळते. शाळेतील सरळव्याजाचे सूत्र याच मांडणीचे रूप आहे.