स्थिर स्थानिक चल (पास्कल)
प्रोसीजर संपल्यावरही मूल्य टिकवणारा, पण तिच्या आतच वापरता येणारा चल. आल्गोल ६० मध्ये (पहा : आल्गोल) यासाठी ‘ओन’ घोषणा होती, निक्लाउस विर्ट यांच्या पास्कलमध्ये (१९७०) ती नाही. साध्या स्थानिक चलाला प्रत्येक कॉलला स्टॅकवर (पहा : स्टॅक) नवी जागा मिळते आणि परतताना ती सुटते. टर्बो पास्कलने टाइप्ड कॉन्स्टंटद्वारे ही उणीव भरून काढली : प्रोसीजरमध्ये ‘कॉन्स्ट’खाली ‘मोजणी : इंटिजर = ०;’ लिहिल्यास शून्य प्रोग्रामच्या आरंभी एकदाच भरले जाते; दर कॉलला १ मिळवल्यास तिसऱ्या कॉलअखेर मूल्य ३ होते. पुनरावर्तनात (पहा : पुनरावर्तन) मात्र सर्व कॉलना एकच प्रत मिळते, हे विशेष लक्षात ठेवावे लागते. डेल्फी व फ्री पास्कलमध्ये टाइप्ड कॉन्स्टंटचे मूल्य बदलण्याची मुभा ‘जे’ निर्देशाने चालू-बंद करता येते.